बटण दाबले तरी उडी लागत नाही : ‘रेन वर्ल्ड’मधील नियंत्रणाच्या तक्रारीचा क्रमवार तपास

जळगावात संगणक आणि कंट्रोलर दुरुस्त करताना ‘रेन वर्ल्ड’ या खेळाबद्दलची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि ती बहुतेक वेळा एकाच वाक्यात मांडलेली असते : “भाऊ, बटन दाबस पन उडीच लागत नही.” भुसावळचा विद्यार्थी असो की चाळीसगावचा नोकरदार, वाक्य तेच असते, मात्र त्यामागचे कारण प्रत्येक वेळी तेच नसते. कधी दोष कीबोर्डच्या रचनेत असतो, कधी विंडोजच्या एखाद्या सोयीत, कधी कंट्रोलरच्या झिजलेल्या काठीत (अंगठ्याने दिशा देण्याच्या दांड्यात), कधी तापलेल्या लॅपटॉपमध्ये, आणि कधी दोष नसतोच, कारण खेळ मुळातच तसा बांधलेला आहे. सगळ्याचे खापर खेळावर फोडणारे जितके चुकतात, तितकेच “तुला खेळता येत नाही” असे म्हणून मोकळे होणारेही चुकतात. आधी हातातले यंत्र, मग संगणक आणि शेवटी खेळाचा स्वभाव, या क्रमाने तपास केला तर बहुतेकांची निम्मी तक्रार पहिल्या दोन पायऱ्यांवरच मिटते.

प्रथम खेळाविषयी थोडक्यात. व्हिडिओकल्ट या छोट्या गटाने बनवलेला ‘रेन वर्ल्ड’ २८ मार्च २०१७ रोजी पीसी आणि प्लेस्टेशन ४ साठी प्रकाशित झाला. ओसाड, गंजलेल्या, प्रचंड यंत्रांच्या अवशेषांमध्ये भटकणारा स्लगकॅट नावाचा लहानसा पांढरा प्राणी आपण चालवतो. त्याने पोटापुरते खायचे, सरड्यांपासून जीव वाचवायचा आणि चिरडून टाकणारा पाऊस येण्यापूर्वी एखाद्या निवाऱ्यात शिरून झोपायचे, एवढाच त्याचा दिनक्रम असतो. चित्रण आणि वातावरण यांचे कौतुक तेव्हाही झाले, परंतु नियंत्रणे आणि अवघडपणा यांवरून समीक्षकांची मते दुभंगली, आणि तो वाद अजूनही पुरता मिटलेला नाही.

हा वाद समजून घेण्यासाठी स्लगकॅटचे शरीर कसे हलते हे पाहावे लागते, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावर आधारलेली आहे. बहुतेक प्लॅटफॉर्म खेळांत, म्हणजे उड्या मारत पुढे जाण्याच्या खेळांत, पात्राची धाव, उडी, वळण ही आधी काढून ठेवलेली चित्रे असतात. बटण दाबले की ठरलेले चित्र लागते आणि पात्र ठरलेल्या उंचीवर जाते. येथे तसे नाही. स्लगकॅटचे धड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन वजने आहेत, आणि त्याची प्रत्येक हालचाल त्या क्षणी भौतिकीच्या गणिताने काढली जाते. खेळ हे गणित सेकंदाला ४० वेळा करतो, म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी एकदा. त्यामुळे उडीचे बटण एकच असले तरी त्याचा परिणाम प्राणी उभा आहे, सरपटतो आहे, खांबाला लटकला आहे, भिंतीवरून घसरतो आहे की अर्धवट वळला आहे, यावर ठरतो. भरलेली बैलगाडी वळवायची तर वळण येण्याच्या थोडे आधीच कासरा ओढावा लागतो. या प्राण्याचेही तसेच आहे. ज्याला हे माहीत नाही त्याला बटण ‘लागले नाही’ असे वाटते, प्रत्यक्षात ते लागलेले असते, पण शरीर त्या क्षणी वेगळ्या अवस्थेत असते.

म्हणून पहिली चाचणी या खेळात करू नये. उड्यांचा नेमकेपणा ज्यात स्पष्ट जाणवतो असा दुसरा एखादा खेळ, उदाहरणार्थ २०१८ चा ‘सेलेस्ट’, त्याच संगणकावर आणि त्याच कीबोर्डने वा कंट्रोलरने थोडा वेळ खेळून पाहावा. तेथेही उड्या गळत असतील तर ‘रेन वर्ल्ड’ला दोष देण्यात अर्थ नाही, तेथे सर्व सुरळीत असेल तर दिरंगाई (बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर) आणि बटणे यांचा बराचसा भाग निकालात निघतो आणि तुम्ही थेट शेवटच्या भागाकडे वळू शकता. अर्थात काही दोष विशिष्ट कळांच्या जोडीवर अवलंबून असतात आणि दुसऱ्या खेळात ती जोडी लागतच नाही, म्हणून कीबोर्डवर खेळणाऱ्यांनी पुढची चाचणी गाळू नये.

कीबोर्डचा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. कळा आडव्या आणि उभ्या ओळींच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि आतली चिप एकेक ओळ तपासून कोणती कळ दाबली आहे ते ओळखते. जाळीतील एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या तर चौथ्या कोपऱ्यातील कळही दाबल्यासारखी भासते. ही फसगत टाळण्यासाठी चिप अशा वेळी तिसऱ्या कळीकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करते. प्रत्येक कळीजवळ डायोड बसवला की ही अडचण उरत नाही, परंतु डायोडने किंमत वाढते, म्हणून तो साध्या कीबोर्डमध्ये नसतो. दोन बाण एकत्र धरून तिसरी कळ दाबणे ही टायपिंगमध्ये कधी न येणारी गोष्ट या खेळात मात्र सतत करावी लागते : तिरप्या दिशेला जाता जाता उडी, खाली आणि पुढे धरून लोळण, वर आणि बाजूला धरून खांब पकडणे.

चाचणीसाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. नोटपॅड उघडावे, एका हाताने खालचा आणि उजवा बाण एकत्र दाबून धरावा आणि दुसऱ्या हाताने झेड दाबावे. अक्षर उमटले तर ती जोडी ठीक आहे. मग वर-डावा, वर-उजवा, खाली-डावा अशा चारही तिरप्या दिशा झेड आणि एक्स या दोन्ही कळांबरोबर तपासाव्यात, आणि शेवटी डावी शिफ्टही धरून पाहावी, कारण खेळाच्या मूळ मांडणीत दिशेसाठी बाण, उडीसाठी झेड, फेकण्यासाठी एक्स आणि पकडण्यासाठी शिफ्ट असते. एखाद्या जोडीत अक्षर उमटलेच नाही, तर तीच तुमची न लागणारी उडी होय. वर-डावा बाण आणि स्पेसबार ही जोडी तर अनेक कीबोर्डांवर हमखास अडते, म्हणून उडी स्पेसबारवर नेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. उपाय सोपा आहे : खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन दिशा डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर आणाव्यात, उडी उजव्या हाताच्या एखाद्या कळीवर द्यावी आणि नव्या मांडणीची हीच चाचणी पुन्हा घ्यावी. बहुतेक ठिकाणी नवा कीबोर्ड घेण्याची वेळ येत नाही. लोक तो घेऊन मोकळे होतात आणि नवाही त्याच जातीचा निघतो, हा भाग वेगळा.

कीबोर्डवरच खेळणाऱ्यांसाठी विंडोजच्या तीन सोयी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज नावाची सोय चालू करायची का, असे विचारणारी चौकट समोर येते. पकडण्याची कळ शिफ्टवर असलेल्या खेळात हे घडणारच, आणि चौकट आली की खेळाचे लक्ष सुटते. त्याहून घातक सोय म्हणजे फिल्टर कीज. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ती चालू होऊ शकते, आणि चालू झाल्यावर अल्पकाळ दाबलेल्या कळांकडे संगणक दुर्लक्ष करू लागतो. “कधी उडी लागते, कधी नाही, आणि हळू दाबले की लागते” असे कोणी सांगितले की मी प्रथम येथेच पाहतो. सेटिंगमधील अॅक्सेसिबिलिटीत कीबोर्डच्या भागात जाऊन या दोन्ही सोयी आणि त्यांचे शॉर्टकट बंद करावेत. सोय बंद करून शॉर्टकट चालू ठेवला तर दुसऱ्या दिवशी तीच तक्रार परत येते.

तिसरी बाब मराठीत टंकलेखन करणाऱ्या घरांपुरती आहे. संगणकावर इंग्रजीसोबत मराठीचा कीबोर्ड बसवलेला असेल तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्याने भाषा बदलते, आणि एकाहून जास्त मांडण्या असतील तर कंट्रोल आणि शिफ्टने मांडणी बदलू शकते. पकडण्याची कळ शिफ्टवर आणि दुसरी एखादी क्रिया ऑल्टवर ठेवणाऱ्याची भाषा सरड्याच्या तोंडी जाण्याच्या ऐन क्षणी बदलते आणि फोनेटिक कीबोर्ड निवडला गेला तर अक्षरांच्या कळा खेळापर्यंत पोहोचण्याऐवजी शब्द जुळवण्याच्या खटपटीत अडकू शकतात. टास्कबारवर भाषेचे चिन्ह ‘मराठी’ दाखवत असेल तर कारण सापडले असे समजावे. खेळण्यापूर्वी इंग्रजी निवडावी आणि भाषा बदलण्याचे हे शॉर्टकट सेटिंगमधून काढून टाकावेत.

कंट्रोलर वापरणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत बोधक उदाहरण लांब झेपेचे आहे. स्लगकॅट जमिनीवर बसलेला असताना उडीचे बटण साधारण अर्धा सेकंद दाबून धरले आणि सोडले की तो नेहमीच्या उडीपेक्षा बराच दूर झेपावतो, आणि काही दऱ्या या झेपेशिवाय सहज ओलांडता येत नाहीत. अट अशी की दबा धरण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात दिशेची कोणतीही सूचना जाता कामा नये. आता ज्या कंट्रोलरची काठी झिजली आहे, तिच्यावरून अंगठा उचलला तरी ती थोडी एका बाजूला कलते. कल किरकोळ असेल तर खेळ त्याकडे लक्ष देत नाही, मात्र तो एका मर्यादेपलीकडे गेला की दिशा दाबली आहे असे धरले जाते, प्राणी सरपटू लागतो आणि झेप भरतच नाही. धावणे, साधी उडी, भिंतीवरून उडी हे सर्व नीट चालते, केवळ झेप तेवढी लागत नाही, असे चित्र दिसले तर काठी तपासावी. विंडोजमध्ये रनच्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल असे इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर केले की कंट्रोलरच्या गुणधर्मांत एक चौकोन आणि त्यात अधिकचे चिन्ह दिसते. काठी सोडल्यावर ते चिन्ह मध्यावर स्थिर थांबायला हवे. काठी चारही बाजूंना झटकन ढकलून सोडावी आणि चिन्ह प्रत्येक वेळी मध्यावर परतते का ते पाहावे. एकाच बाजूने सोडल्यावर ते थोडे अलीकडे थांबत असेल तर काठीखालचा पोटेन्शिओमीटर झिजला आहे किंवा त्यात धूळ गेली आहे.

त्यावर तात्पुरता इलाज म्हणजे डेड झोन वाढवणे, म्हणजे मध्याजवळच्या किती हालचालीकडे दुर्लक्ष करायचे ते ठरवणे. कायमचा इलाज म्हणजे काठीचा भाग बदलणे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काही महिने निभावते, पण झीज झालेली पट्टी त्याने भरून येत नाही. माझे स्वतःचे मत असे की या खेळासाठी काठीपेक्षा दिशांची फुली, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांची बटणे, बरी. दिशा येथे बहुतेक वेळा पूर्ण दाबलेली किंवा न दाबलेली अशीच मोजली जाते, त्यामुळे काठीच्या बारीक फरकांचा लाभ फारसा मिळत नाही आणि तिरप्या दिशेचा घोटाळा मात्र पदरी पडतो. फुलीची बटणेही दमल्यासारखी वाटत असतील तर कंट्रोलर उघडून रबराखालचे काळे ठिपके आणि समोरची तांब्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. आपल्याकडे उन्हाळ्यातील वावटळी घरात जी बारीक धूळ आणून सोडतात, ती घामाबरोबर तेथे जाऊन बसते.

एकदा दाबून दोनदा उडी, किंवा बटणांची अदलाबदल, असा प्रकार असेल तर कंट्रोलर दोन वाटांनी खेळापर्यंत पोहोचत आहे असे समजावे : एक स्टीम या खेळ विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्टीम इनपुट या सोयीतून आणि दुसरी थेट. स्टीममध्ये खेळाच्या गुणधर्मांत कंट्रोलरच्या भागात स्टीम इनपुट एकदा बंद करून आणि एकदा चालू करून पाहावे. जे चालेल ते ठेवावे. साध्या कंट्रोलरमध्ये एक्सइनपुट आणि डायरेक्टइनपुट अशा दोन पद्धती असतात आणि मधले बटण काही सेकंद धरले की पद्धत बदलते. खेळताना ते चुकून दाबले गेले की सगळी मांडणी विस्कटते. एवढे पुरे.

यानंतर दिरंगाई. लॅपटॉप टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांच्या बाबतीत टीव्ही चित्र सजवण्यात जो वेळ घालवतो, तोच उडी चुकवतो. गेम मोड बंद असलेल्या टीव्हीवर ही दिरंगाई १०० मिलिसेकंदांच्याही पुढे जाऊ शकते, म्हणजे या खेळाच्या गणितात चार पावले. टीव्हीच्या चित्रसेटिंगमध्ये गेम मोड चालू करणे हा एकच उपाय अनेकांना पुरतो. ब्लूटूथ हेडफोनचा प्रश्न थोडा फसवा आहे : त्यावर आवाज उशिरा येतो, चित्र वेळेवर असते, तरीही कान आणि डोळे यांचा मेळ बसत नसल्याने उडीच उशिरा लागली असे वाटते. तारेचे हेडफोन लावून हा संशय दूर करावा.

केवळ अंदाजावर विसंबायचे नसेल तर मोबाइलने मोजमाप करता येते. सेकंदाला २४० फ्रेम (चित्रे) टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असा मोबाइल टेकवून ठेवावा, स्लगकॅट मोकळ्या जमिनीवर उभा ठेवून उडी मारावी आणि नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण खाली गेल्यापासून प्राणी हलेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. प्रत्येक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची असते. एकाच उडीवर निष्कर्ष काढू नये, कारण बटण गणिताच्या दोन पावलांच्या मध्ये कोठे पडले यानुसार आकडा थोडा हलतो. आलेल्या आकड्यापेक्षा बदलापूर्वीचा आणि बदलानंतरचा फरक महत्त्वाचा आहे : टीव्हीऐवजी लॅपटॉपचाच पडदा, ब्लूटूथऐवजी तार, व्ही-सिंक (खेळाची चित्रे पडद्याच्या गतीशी जुळवणारी सोय) चालू आणि बंद. ज्या बदलाने फ्रेम स्पष्टपणे कमी होतात, तेथे दिरंगाई दडलेली होती.

खान्देशात मे महिन्यात मात्र वेगळेच कारण डोके वर काढते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि लॅपटॉपचा पंखा त्याच हवेने प्रोसेसर थंड करू पाहतो. खोली २५ अंशांऐवजी ४२ अंशांची असेल तर तो फरक जवळपास जसाच्या तसा प्रोसेसरच्या तापमानात उतरतो. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, फ्रेम अडखळतात आणि बटणाची दखल कधी लवकर, कधी उशिरा घेतल्यासारखी वाटते. “पहिला अर्धा तास बरे चालते, मग बिघडते” ही तक्रार उन्हाळ्यात आली तर कीबोर्ड बाजूला ठेवून आधी पंखा साफ करावा. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या पंख्यात कापसाचे तंतू जाळीसारखे बसलेले मी पाहिले आहेत. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, मागची बाजू दोन बोटे उंच करावी आणि कूलरच्या थेट ओल्या झोतात तर मुळीच ठेवू नये. खेळात फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली तरीही प्रोसेसरवरील ताण बराच हलका होतो.

वीज गेल्यावर बिघडणारा खेळ हा याचाच चुलतभाऊ. लॅपटॉप बॅटरीवर गेला की विंडोज वीज वाचवू लागते, आणि काही लॅपटॉपांत बॅटरीवर असताना फ्रेम ३० वर बांधणारी सोय आधीपासून चालू असते. तेव्हा प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते आणि आपण पाहतो ते नेहमी जुने असते. ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमधून ही सोय बंद करता येते, बॅटरी अर्थातच लवकर संपते. भारनियमनाच्या वेळेत हा खेळ न खेळणे हाही एक उपाय आहे आणि तो फुकट आहे.

हे सर्व तपासूनही तक्रार उरली, तर ती खेळाच्या स्वभावाची आहे असे खुशाल समजावे आणि हालचाली एकेक करून शिकाव्यात, कारण खेळ त्या जवळजवळ शिकवतच नाही. सुरुवातीच्या आऊटस्कर्ट्स भागात सरडे नसलेली एखादी खोली शोधावी. उडीचे बटण दाबून ठेवले तर उंच आणि लगेच सोडले तर बुटकी उडी लागते, हे प्रथम हाताला कळू द्यावे. धावता धावता दिशा एकदम उलटवून त्याच क्षणी उडी मारली की प्राणी मागच्या मागे कोलांटी घेतो आणि साध्या उडीपेक्षा उंच जातो. नवशिक्यांची ‘आपोआप भलतीकडे’ लागणारी उडी बहुधा हीच असते, कारण कड्याजवळ घाबरून ते दिशा उलटवतात. उंचावरून पडताना खाली आणि पुढे धरून ठेवले तर आपटण्याऐवजी लोळण बसते. उभा खांब पकडण्यासाठी हवेत असताना वरची दिशा धरावी लागते, केवळ खांबाला धडकून भागत नाही. याच एका नियमाच्या अज्ञानाने जितके लोक खाली पडले असतील, तितके सरड्यांनी खाल्ले नसतील. पकडण्याचे बटण दाबून धरले की हातातले खाद्य खाल्ले जाते आणि काही वस्तू चक्क गिळल्या जातात, त्यामुळे पळताना ते बटण उगाच धरून ठेवू नये.

अवघडपणा कमी करण्यात कमीपणा मानू नये. मंक या पात्राला झोपण्यासाठी सर्व्हायव्हर या नेहमीच्या पात्रापेक्षा कमी खाद्य पुरते आणि त्याच्याबाबतीत प्राणीही कमी आक्रमक असतात. हालचालींचा सराव होईपर्यंत तोच निवडणे शहाणपणाचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘डाऊनपोअर’ या विस्तारासोबत सर्वांसाठी मोफत अद्ययावत आवृत्ती आली आणि तिच्यात रीमिक्स नावाचा विभाग आहे. खेळाचे अनेक नियम त्यात सैल करता येतात, तसेच इतरांनी बनवलेले मॉडही, म्हणजे खेळात बदल करणारी जोडसॉफ्टवेअर, तेथूनच चालू होतात. मात्र वरचा तपास पूर्ण होईपर्यंत सर्व मॉड बंद ठेवावेत. एरवी उडी कीबोर्डने गाळली की मॉडने, हे कोणीच सांगू शकणार नाही.

ज्यांनी खेळ स्टीमवर नुकताच घेतला आहे, त्यांनी वेळेचे भान ठेवावे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच सर्वसाधारणपणे पैसे परत मिळतात, आणि खेळ उघडा ठेवून सेटिंगमध्ये घालवलेला वेळही त्या दोन तासांतच धरला जातो. म्हणून नोटपॅडची, शॉर्टकटची आणि काठीची तपासणी खेळ बंद ठेवून आधी उरकावी, आणि शिल्लक वेळ थेट त्या रिकाम्या खोलीतल्या सरावाला द्यावा. यंत्र निर्दोष असूनही तासाभरात हा प्राणी हाताला वश होत नसेल आणि त्याचा वैताग येत असेल, तर परताव्याचा अर्ज तेव्हाच करावा.